सायकलवरून वळताना
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या दिवशी मला दोन शब्द बोलायला सांगितले, हा मी माझा मान समजते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चार माणसांसमोर उभे राहून बोलायची सवय नाही. घरी आवाज चढतो तो गच्चीवरचे पापड आणि पाऊस यांची गाठ पडली म्हणजे! तेव्हा बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या मंडळात लोणची-मसाले, बचत, लहान मुलांची पथ्ये अशा विषयांवर पुष्कळ चांगली भाषणे झाली. मी विषय कळवला तो सायकलवरून वळण्याचा. चिटणीस वहिनी हसून म्हणाल्या, “अहो, त्यात सांगायचे काय? हँडल फिरवले की वळली सायकल.” वहिनींचे म्हणणे अंगणापुरते अगदी खरे आहे. पण आपल्याला अंगणात वळायचे नाही, एस.टी., वडापच्या जीपा, रिक्षा आणि मोटरसायकली यांच्या गर्दीत वळायचे आहे.

हा विषय का घेतला ते सांगते. या वर्षी शाळा सुरू झाल्या आणि माझ्या ध्यानात आले की, आपल्या आळीत तीन घरांच्या जिन्याखाली मुलींच्या सायकली नुसत्या उभ्या आहेत. मी सहज चौकशी केली. तिन्ही घरी उत्तर एकच मिळाले: “सरळ रस्त्याची भीती नाही हो, चौकात वळताना जीव थाऱ्यावर राहत नाही.” त्यांतली एक मुलगी नववीत आहे, तिचे नाव मी घेत नाही. श्रावणात चौकात उजवीकडे वळताना मागून आलेल्या रिक्षाचा तिला धक्का लागला. देवाच्या दयेने मनगटावरच निभावले, पण महिनाभर प्लास्टर होते. तेव्हापासून सायकल बंद झाली आणि सायकलीबरोबर संध्याकाळचा गणिताचा वर्गही बंद झाला. कारण रोज दोन वेळचे रिक्षाभाडे त्या घराला झेपणारे नाही, आणि वडिलांची कामाची पाळी त्याच वेळची. म्हणजे पाहा, त्या मुलीचे शिक्षण दोन कोसांच्या रस्त्यावर अडले नाही. ते चौकातल्या वीस पावलांवर अडले.

मला हे लागले, त्याला कारण आहे. माझी सातवी झाली तेव्हा पुढची शाळा शेजारच्या गावी होती. गाडीची वेळ जुळत नव्हती आणि मुलीसाठी सायकल घ्यावी, हा विचार आमच्या घरात कुणाला सुचलाच नाही. त्याबद्दल मी आज कुणाला दोष देत नाही. सायकल मी शिकले ती लग्नानंतर, सांगलीला आल्यावर, जाऊबाईंनी मागून सीट धरली म्हणून. आता गिरणी, मंडई, दूध, धाकट्याची शाळा, सगळे मी सायकलवरच उरकते. तेव्हा जे सांगते आहे ते रोज चौक ओलांडून शिकलेले आहे.

आपल्या या भागाला सायकल परकी नाही. किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यात, १९१० साली वसली. त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या धंद्याचा आरंभ बेळगावला १८८८ साली सायकलीच्या दुकानापासून झाला होता. आजही राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात. सायकल मिळते ही मोठी गोष्ट आहे. पण सायकलीबरोबर वळण कुणी देत नाही. ते आपणच द्यायला हवे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचे, हा नियम आहे. त्यामुळे डावे वळण आपल्या हाताशी असते. त्यात समोरचा ओघ ओलांडावा लागत नाही. उजवे वळण मात्र मागून येणाऱ्या आणि समोरून येणाऱ्या, दोन्ही गाड्यांची वाट कापून घ्यावे लागते. माझ्या नणंदेची मुलगी अमेरिकेत असते. ती फोनवर म्हणाली, “मामी, इथे सगळे उलटे. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचे, म्हणून इथल्या सायकलवाल्यांना डाव्या वळणाची धास्ती.” देश कुठलाही असो, समोरचा ओघ ओलांडायचा ते वळण अवघड, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

पण अवघड वळण उजवे, म्हणून डावे अगदी निर्धास्त, असेही समजू नये. आधी डाव्याबद्दलच सांगते.

डावीकडे वळताना सर्वांत मोठे भय असते ते आपल्याबरोबर डावीकडे वळणाऱ्या मोठ्या गाडीचे. दिवाळीच्या पुढेमागे कारखान्यांची धुराडी पेटतात आणि उसाचे ट्रॅक्टर मागे दोन-दोन ट्रॉल्या लावून आपल्या रस्त्यावर येतात. असा ट्रॅक्टर डावीकडे वळताना नीट पाहा. पुढची चाके मोठा फेरा घेतात. मागची ट्रॉली त्यांच्या मागोमाग जात नाही, ती आतल्या बाजूने, कोपरा कापत येते. एस.टी.ची आणि ट्रकची मागची चाकेही तशीच आत येतात. आपण ट्रॅक्टर आणि फुटपाथ यांच्यामधल्या जागेत असलो, तर ती जागा बघता बघता आटते. ट्रॅक्टर हाकणाऱ्याला आपण दिसतही नाही. म्हणून माझा पहिला नियम असा की, चौकाजवळ मोठ्या गाडीच्या डाव्या बाजूने कधीही पुढे घुसायचे नाही. ती उभी असली तरी नाही, आणि तिचा दिवा लुकलुकत नसला तरी नाही. मागे थांबावे, तिला जाऊ द्यावे. गाडीच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, असे धरून चालावे.

दुसरे असे की, डावे वळण आखूड घ्यावे. वेगाने गेले की सायकल आपोआप रस्त्याच्या मधोमध फेकली जाते आणि तिथे दुसऱ्या गाड्या असतात. म्हणून वेग वळायच्या आधी कमी करावा. वळणात करकचून ब्रेक दाबू नये, विशेषतः पावसाळ्यात. कोपऱ्यावर वाळू असते, तेल सांडलेले असते, केळीची साल असते, उसाच्या दिवसांत पाचट पडलेले असते. तिथे चाक निसटते. वळताना डाव्या बाजूचे पायडल वर ठेवावे, म्हणजे सायकल कलली तरी ते जमिनीला घासत नाही. आणि उजवीकडे एकदा नजर टाकल्याशिवाय नव्या रस्त्याला लागू नये. कारण त्या रस्त्यावरून सरळ येणाऱ्याचा हक्क आपल्या आधी आहे. डावे वळण म्हणजे सिग्नल माफ, असेही नसते. जिथे डावीकडे मोकळी वाट म्हणून पाटी किंवा बाण आहे तिथेच जावे. नाहीतर लाल म्हणजे लालच.

आता उजव्या वळणाबद्दल. इथे मला जे मुख्य सांगायचे आहे ते असे: वळण चौकात सुरू होत नाही, ते चौकाच्या पुष्कळ आधी सुरू होते. भाकरी थापून झाल्यावर कुणी तवा चुलीवर ठेवत नाही. तवा आधी तापलेला असतो, म्हणून भाकरी नीट उतरते. वळणाचेही तसेच. चौकात पोचल्यावर ज्या बाईला आठवते की आपल्याला उजवीकडे जायचे आहे, तिने त्या दिवशी वळूच नये. सरळ पुढे जावे आणि पुढे सोय पाहून परत यावे. चार मिनिटे जातील, एवढेच.

उजवीकडे वळण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत गाड्यांसारखी वळण्याची. चौक पन्नास-साठ पावले लांब असतानाच उजव्या खांद्यावरून मागे पाहावे. नुसती घंटी वाजवून भागत नाही आणि कानावर विसंबूनही भागत नाही. कारण हल्ली विजेवर चालणाऱ्या दुचाक्या निघाल्या आहेत, त्या अगदी जवळ आल्या तरी आवाज येत नाही. मागे मोकळे दिसले की उजवा हात खांद्याइतका सरळ बाहेर काढावा. हात कोपरापासून अर्धवट हलवू नये. मागच्याला वाटते बाई पदर सावरते आहे. हात दाखवला म्हणजे वाट मिळाली, असेही नव्हे. मागचा थांबला किंवा मंद झाला, हे पुन्हा एकदा पाहून मगच हळूहळू रस्त्याच्या मध्याकडे सरकावे. एकदम तिरके जाऊ नये. मध्याशी पोचल्यावर दोन्ही हात हँडलवर घ्यावेत. कारण एक हात बाहेर असताना एकच ब्रेक हाती राहतो. समोरून येणाऱ्या गाड्या जाऊ द्याव्यात, ज्या रस्त्याला शिरायचे तिथे कुणी पायी ओलांडत नाही ना हे पाहावे, आणि मग वळावे. वळून झाल्यावर पुन्हा डाव्या कडेला यावे. थोडक्यात, पाहा, दाखवा, पुन्हा पाहा, सरका, थांबा आणि वळा. ही रीत लहान रस्त्यांना आणि कमी वर्दळीच्या वेळेला ठीक आहे. सांगली-मिरज रस्त्यासारख्या रुंद रस्त्यावर, संध्याकाळच्या गर्दीत, मी स्वतः तिच्या वाटेला जात नाही.

दुसरी रीत दोन टप्प्यांची. ही मला सर्वांत आवडते. समजा, आपण आळीतून निघून स्टँडकडे सरळ चाललो आहोत आणि चौकातून आपल्याला उजवीकडे मंडईला जायचे आहे. तर चौकात उजवीकडे वळायचेच नाही. डाव्या कडेने, सरळ जाणाऱ्या गाड्यांबरोबर, चौक ओलांडून पलीकडच्या डाव्या कोपऱ्याशी जायचे. तिथे थांबायचे, उतरायचे, आणि सायकलीचे तोंड मंडईकडे करायचे. आता आपण डावीकडच्या रस्त्याने मंडईकडे जाणाऱ्या गाड्यांच्या पुढे, त्यांच्या रांगेच्या कडेला उभ्या आहोत. त्यांना हिरवा दिवा लागला किंवा पोलिसाने हात केला की त्यांच्याबरोबर सरळ निघायचे. म्हणजे एका अवघड वळणाची दोन सोपी सरळ ओलांडणी झाली! त्या कोपऱ्यावर उभे राहताना एवढेच पाहावे की, डावीकडे वळणाऱ्या गाड्यांच्या वाटेत आपण अडसर होत नाही; थोडे पुढे, चालकाला दिसेल असे उभे राहावे.

कुणाला वाटेल की ही भित्र्यांची रीत आहे. तसे मुळीच नाही. जपानमध्ये आपल्यासारखीच डाव्या बाजूची वाहतूक आहे. तिथे सायकलवाल्याने उजवीकडे वळताना असेच दोन टप्प्यांत वळावे, असा नियम आहे. डेन्मार्कमध्ये लोक रोजच्या कामाला सर्रास सायकलने जातात. तिथे वाहतूक उजव्या बाजूची, म्हणून त्यांचे अवघड वळण डावे. तेही कायद्याने दोन टप्प्यांतच घ्यायचे असते. ज्यांच्या देशात सायकल एवढी मुरलेली आहे, त्यांना ही रीत कमीपणाची वाटत नाही; मग आपल्याला का वाटावी?

तिसरी रीत सर्वांत जुनी आणि सर्वांत सोपी. चौकाच्या आधीच डाव्या कडेला उतरावे, सायकल हातात धरावी आणि झेब्रा पट्ट्यांवरून पायी चालणाऱ्यांबरोबर पलीकडे जावे. सायकल हाती धरून चालणारी बाई ही पायी चालणारीच. अंधार पडला असेल, पाऊस लागला असेल, कॅरिअरवर दळणाचा डबा असेल किंवा अंगात कणकण असेल, तर मी खुशाल उतरते. आमच्या शेजारच्या आक्का म्हणतात, “उतरणारीला पडायची भीती नाही.” हे वाक्य मुलींना पाठ करून द्यावे इतके मोलाचे आहे.

आता सरावाबद्दल. मुलींना मागे पाहायला सांगितले की त्या मान वळवतात आणि मानेबरोबर हँडलही वळते. सायकल उजवीकडे ओढली जाते, आणि नेमका तेव्हाच धक्का बसतो. हे घरीच मोडता येते. शाळेच्या मोकळ्या मैदानावर रांगोळीची एक लांब सरळ रेघ ओढावी. मुलीने त्या रेघेवरून सायकल चालवावी आणि आईने मागे उभे राहून हाताची बोटे वर करावीत. मुलीने मागे वळून पाहून बोटे किती ते सांगायचे. पण चाक रेघेवरून हलता कामा नये. पहिल्या दिवशी सगळ्याच वाकड्यातिकड्या जातात. आठ दिवसांनी सरळ जाऊ लागतात. मग उजवा हात बाहेर काढून एका हाताने चालवायचा सराव घ्यावा, पुढे डावा. हे दोन्ही जमल्याशिवाय गर्दीचा चौक दाखवू नये.

सायकलीची तयारीही पाहावी. दोन्ही ब्रेक धरतात का, घंटी वाजते का, मागे लाल चकचकीत काच आहे का, चेन सैल तर नाही ना. भाजीची पिशवी हँडलला एका बाजूला लटकवू नये. वळताना ती हँडल आपल्याकडे ओढते आणि चाकाला घासते. ओझे मागे कॅरिअरवर, दोरीने बांधून. साडीचा पदर खोचून घ्यावा आणि मुलींनी ओढणीला मागे गाठ मारावी. ओढणी चाकात गेली की गळ्याला फास बसतो, ही लहान गोष्ट नव्हे. एका हातात छत्री धरून तर चौकात जाऊच नये. आणि कानात गाणी लावून सायकल चालवणाऱ्या मुलामुलींना घरच्यांनी स्पष्ट बजावावे.

शेवटी भीतीबद्दल थोडे बोलते. चौकात आपण थांबलो की मागून हॉर्न वाजू लागतात. भगिनींनो, हॉर्न म्हणजे हुकूम नव्हे. पोळी कच्ची असताना कुणी कितीही घाई केली तरी आपण ती ताटात वाढतो का? तसेच हे. वाट मोकळी झाली असे आपल्या डोळ्यांनी पाहिल्यावरच निघावे, मागच्याच्या हॉर्नवर निघू नये. मुलींना हे विशेष सांगायला हवे. कारण चारचौघांत आपल्यामुळे कुणाचा खोळंबा होतो आहे, या संकोचानेच त्या नको तेव्हा पुढे होतात.

काही वडीलधाऱ्या म्हणतात, एवढी जोखीम घ्यायची कशाला, मुलगी घरी बसलेली बरी. त्यांची माया मी समजू शकते. पण घरी बसल्याने जे जाते तेही हिशेबात धरावे. पडलेली मुलगी बहुधा महिन्याभरात बरी होते. सुटलेली शाळा पुन्हा धरणे फार अवघड असते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

ज्या मुलीचे मी वर सांगितले, तिच्या आईने आणि मी मिळून गणपतीनंतर तिला मैदानावर नेले. पंधरा दिवस रांगोळीच्या रेघेवर फिरवले. मग आम्ही तिघी एका संध्याकाळी नुसत्या चौकात जाऊन अर्धा तास उभ्या राहिलो. कोणती गाडी कशी वळते, सिग्नल किती वेळ राहतो, एवढेच पाहिले. पुढचे आठ दिवस आई मागून पायी जात होती. आता ती मुलगी दोन टप्प्यांच्या रीतीने एकटी वर्गाला जाते. आईचा जीव अजूनही ती घरी येईपर्यंत दारात असतो, हे खरे. पण सायकल जिन्याखाली नाही.

माझी मंडळाला दोन विनंत्या आहेत. एक, रविवारी सकाळी तासभर शाळेच्या मैदानावर आपण मुलींचा आणि ज्यांना हौस आहे अशा बायकांचा सराव घ्यावा. रांगोळी माझ्याकडून, बोटे दाखवायला चार-पाच जणी लागतील. दुसरी, आपल्या चौकातले झेब्रा पट्टे पुसले आहेत आणि थांबण्याची रेघ तर दिसतच नाही. मंडळाच्या नावाने महानगरपालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे अर्ज द्यावा, सह्या आपण सगळ्याजणी करू. अर्ज लिहायला चिटणीस वहिनींचे अक्षर चांगले आहे.

राहिलेल्या दोन घरच्या आयांना मी आज इथे पाहते आहे. त्यांनी येत्या रविवारी जिन्याखालची सायकल पुसून, हवा भरून मैदानावर आणावी, एवढेच मागणे आहे.